सदतिसावं दार

पेंटरने पत्र्याचा साचा दाराशेजारच्या भिंतीवर टेकवला, ब्रश रंगात बुडवला आणि तेवढ्यात साच्यावर एक हात येऊन पडला.

"थांबा दादा. काय लिहिताय ते आधी वाचून दाखवा."

हात हवालदारिणीचा होता. नळावरची भांडणं तीच मिटवायची, म्हणून गल्लीने तिला हे नाव दिलं होतं. पेंटरने मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने यादीवरची नजर न काढता घडाघडा म्हणून टाकलं, "हे गरीब कुटुंब आहे. हे कुटुंब सवलतीचं सरकारी धान्य घेतं." मग म्हणाला, "तुमचं सदतिसावं दार. हात काढा बाई, अजून दोन गल्ल्या बाकी आहेत."

गल्लीत सकाळपासून पिवळा रंग वाळत होता. कुणी त्यावर टॉवेल लटकवला होता, कुणी खाट उभी करून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या शिवणकामवालीने तर मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून सरळ रेशनकार्डच परत केलं होतं. आता तिच्या घरी दुसऱ्या वेळची चूल पेटणार नव्हती, पण भिंत कोरी राहिली होती. लोकांनी लाजून कार्डं परत करावीत, वरच्या साहेबांना नेमकं हेच हवं आहे, हे हवालदारिणीच्या लक्षात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि लिहू दिलं नाही तर?"

"कार्ड बंद. या महिन्यापासूनच."

आतून सासूबाई म्हणाल्या, "लिहू दे गं. भिंतीला काय पोट असतं?"

कार्ड मिळायच्या आधी या सासूबाई रोज रात्री नातवंडांच्या ताटात आपला भात सारायच्या आणि मला भूकच नाही म्हणायच्या. कार्ड आल्यापासून म्हातारीला रोज भूक लागायला लागली होती. त्या भुकेपुढे हवालदारिणीचा इलाज नव्हता. तिची बोटं साच्यावरून सुटायला लागली.

"जरा जास्त लाव रे," कारकून पेंटरला म्हणाला. "इतकंसं काय लावतोस?"

ती थबकली. हा आवाज रोज तिच्या कानावर पडायचा. सरकारी कचेरीच्या कॅन्टीनमध्ये ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती. तिथली वाढायची खिडकी इतकी बुटकी, की बाहेरच्यांना तिचा नुसता हात आणि डाव दिसायचा, आणि तिला नुसती पुढे येणारी ताटं. माणसं ती आवाजावरूनच ओळखायची.

"साहेब," ती म्हणाली, "काल भात तीनदा घेतलात. पोट ठीक आहे ना आज?"

कारकुनाने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"जरा जास्त वाढा, इतकंसं काय वाढता, असं म्हणता ना रोज? ते मलाच म्हणता. ताटाचे तुम्ही जे पैसे देता त्यात फोडणीचं तेलही येत नाही. बाकीचं कोण भरतं?"

"ती कर्मचाऱ्यांची सोय आहे," कारकून म्हणाला. "ते वेगळं, हे वेगळं."

"वेगळं कसं? आमच्या रेशनच्या दुकानात येतात त्याच गोदामाच्या शिक्क्याची पोती तिथे येतात. मी रोज उसवते ती."

शेजारच्या दारात टॉवेलवाली येऊन उभी राहिली. तिच्या मागून आणखी दोघीतिघी. कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनाचे कान लाल झाले.

"माझ्या भिंतीवर खुशाल लिहा," हवालदारीण म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि तो रागाने कापतोय हे तिला मनापासून आवडलं. "घेते मी धान्य. चोरून घेत नाही. माझ्या घरात कुणी उपाशी झोपत नाही, याची मला कसली लाज? पण मग कॅन्टीनच्या दारावरही लिहायचं. याच रंगात, एवढ्याच अक्षरात. आधी तिथे, मग इथे. तोवर हा हात निघायचा नाही."

"असं काही हुकमात नाही."

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. त्याने मान तिरकी करून यादीला टाचलेला कागद सावकाश वाचला.

"'सवलतीचं सरकारी अन्नधान्य घेणाऱ्या प्रत्येकाच्या दारावर,' असं लिहिलंय इथे, साहेब. प्रत्येकाच्या."

"तू तुझं रंगवायचं काम कर."

"तेच करतोय."

त्याने साचा तिच्या हाताखालून अलगद काढून काखेत घेतला, ब्रश डब्याच्या काठाला निपटला आणि खिशातून मापाची टेप काढली.

"ताई," त्याने विचारलं, "कॅन्टीनचं दार किती फुटी आहे?"