मेलेल्या बायकोचा शॉट

मेलेल्या बायकोच्या उशाशी नवऱ्यानं रडायचं, एवढाच प्रसंग. पॅरिसच्या स्टुडिओत गाजलेल्या फ्रेंच कादंबरीचा बोलपट चालला होता. नवऱ्याचं काम करणारा गास्पार पलंगावर निपचित पडलेल्या एलियानचा एकेकाळी खराखुरा नवरा होता. मूकपटांत तो कॅमेऱ्यापुढे आसवं ढाळत तिला शिव्या घालायचा. ऐकणारी ती एकटीच. आज शेजारच्या फुलदाणीत मायक्रोफोन दडवलेला होता. “हिची बोली गावठी, हिला काढा,” गास्पारनं हट्ट धरला होता. “शॉट बिघडवील तो जाईल,” दिग्दर्शकानं बजावलं. गास्पार हुंदके देत झुकला. त्याच्या डोक्याआड तिचा चेहरा कॅमेऱ्याला दिसेनासा होताच एलियाननं डोळा मारून जीभ दाखवली. “मर एकदाची, चेटकिणी!” तो सवयीनं पुटपुटला. “साहेब, हा शिव्या देतोय!” आवाजवाला ओरडला. “चालता हो, गाढवा!” दिग्दर्शक कडाडला. एलियाननं पुन्हा डोळे मिटले. दुसरा नवरा सापडेपर्यंत तिला मेलेलंच राहायचं होतं.