मागच्या खोलीतलं भूत

"भुताला पाय किती?" मृण्मयी मिसनं विचारलं, आणि दुसरीच्या वर्गातले सगळे हात वर गेले.

पारूबाई कोपऱ्यात फतकल मारून लाल भोपळ्याच्या बिया काढत होती. ती त्या शाळेची मावशी. घंटेपासून झाडलोटीपर्यंत सगळं तिच्याकडं. भोपळाही सकाळी शहागंजातून तिनंच आणला होता. भाजीवाल्यानं विचारलं होतं, भाजीला की घारग्यांना? हिनं सांगितलं, "भुताला." हर्सूलच्या त्या इंग्रजी शाळेत आज हॅलोविन होता. म्हणजे पोरांनी काळे कपडे घालून यायचं, फोटो पालकांच्या ग्रुपवर जायचे आणि आपली शाळा परदेशात असल्याचं समाधान सगळ्यांना मिळायचं. मृण्मयी मिस मात्र नवी होती आणि नुसत्या फोटोवर भागवणारी नव्हती. तिनं भुतांचं गणित मांडलं होतं. प्रत्येकानं आपल्या ओळखीचं भूत काढायचं, त्याचे पाय, डोळे, आवाज सांगायचे, मग कुठलं भूत किती जणांचं याच्या रेघा फळ्यावर ओढायच्या. बिया बेरजेसाठी होत्या.

चेटकिणीला चार रेघा मिळाल्या. सापळ्याला सहा. मुंज्याला एकच, तीही गोकुळची, कारण त्याच्या गावी पिंपळ होता. मग संस्कृती उठली. जूनपासून या पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं, म्हणून मिस खडू हातात धरून थांबली. संस्कृतीच्या कागदावर नुसतं एक बंद दार होतं.

"हे मागच्या खोलीतलं भूत," ती म्हणाली.

मागची खोली म्हणजे मोडकं सामान टाकायची अंधारी जागा. पर्यवेक्षक वैजनाथ सर दंगा करणाऱ्या पोराला तिथं पंधरा मिनिटं कोंडायचे. पालकांना सांगताना त्याला 'शांत बसवणं' म्हणायचे. संस्कृतीला जूनमध्ये असंच शांत बसवलं होतं. ती अजून शांतच होती.

"माझंपण तेच आहे," आकाशनं आपला कागद वर धरला. मग मागून सोनिया, मग चिन्मय. बघता बघता नऊ बंद दारं झाली.

"त्याला डोळे किती?" मिसनं हळू आवाजात विचारलं.

"दिसत नाही ना मिस," संस्कृती म्हणाली. "ते दाराच्या बाहेर बसतं. टक, टक, टक करतं. थांबतं आणि परत करतं."

"त्याच्या बांगड्या वाजतात," आकाश म्हणाला.

"मशेरीचा वासपण येतो," सोनिया म्हणाली.

"आणि मावशी कुलूप काढायला आली ना," संस्कृती म्हणाली, "की ते पळून जातं."

पारूबाईचा हात भोपळ्यातच राहिला.

सरांचा हुकूम होता, किल्ली घेऊन दाराशी बसायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. लाड केले तर ती शिक्षा कसली? सहा वर्षं तिनं हुकूम पाळला. फक्त आतून हुंदका ऐकू आला की ती बोटाच्या पेरानं दार वाजवायची. घाबरू नको लेकरा, मी इथंच हाय, एवढंच तिला त्यातून सांगायचं होतं. आपण या पोरांना तेवढाच आधार देतो, या समाधानात ती घरी जाऊन जेवत होती. आता तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला.

तेवढ्यात वैजनाथ सर फोटो काढायला वर्गात आले. फळ्यावर 'मागच्या खोलीतलं भूत' आणि त्यापुढं नऊ रेघा बघून ते खूश झाले. "छान. थोडी भीती पाहिजेच पोरांना." त्यांना बघून आकाश दचकून मागं सरला, त्याचा पाय लागून बियांचं ताट उपडं झालं आणि बिया वर्गभर पसरल्या.

"पारूबाई, किल्ली घ्या. याला मागं न्या."

"सर, चुकून झालं त्याच्याकडून," मिस म्हणाली.

"मॅडम, तुम्ही तुमचा वर्ग सांभाळा."

पारूबाईची नोकरी वर्षावर्षाची होती. दर जूनला नवा कागद निघायचा आणि त्यावर सही वैजनाथ सरांची असायची. हे तिला त्या घडीला चांगलंच आठवलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पदराला हात पुसले, कमरेची किल्ली काढली. आकाशनं डोळे गच्च मिटून घेतले. पण ती त्याच्याकडं गेलीच नाही. वर्गाच्या दाराशी जाऊन तिनं बोटाचं पेर लाकडावर मारलं. टक, टक, टक. काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

मग संस्कृती बाकाबाहेर आली आणि पारूबाईच्या पदराला नाक लावून उभी राहिली.

"मावशी, ते तू होतीस?"

"व्हय गं बाय. मीच व्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायची बंदी व्हती मला."

आता सगळा वर्ग वैजनाथ सरांकडं बघत होता. मृण्मयी मिसही बघत होती. सरांनी हात पुढं केला. "तमाशा पुरे झाला, पारूबाई. किल्ली इकडं द्या. तुमचं जूनमध्ये बघतो मी."

पारूबाईनं किल्ली परत कमरेला खोचली.

"जूनचं जूनमंदी बघा, सर. किल्ली भुतापाशीच ऱ्हाईल. इथून पुढं ज्याला लेकरू कोंडायचं, त्यानं आधी भुताला इचारायचं."