मसालेभाताची दोन पाकिटं

"पोषणपट्टी नको?" दुकानदाराने पुन्हा विचारलं. "दंडावर चिकटवली की आठवडाभर भूकच लागत नाही. हल्ली ट्रेकला सगळे तीच नेतात."

"भावाने घेतलीय. मला सुकवलेल्या मसालेभाताची दोन पाकिटं द्या," केतकी म्हणाली.

"त्यात उकळतं पाणी ओतून ताटकळत बसावं लागतं, मॅडम."

"म्हणूनच हवीत."

वडील गेले तेव्हा केतकी परदेशात होती. तेव्हापासून धाकटा भाऊ निरंजन तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. हिमालयात यायला तो तयार झाला, पण जेवायला थांबायची गरजच नसल्यामुळे दिवसभर एकटा पुढे चालत राहिला.

संध्याकाळी खिंडीखाली केतकीने स्टोव्ह पेटवला, पाकिटांत पाणी ओतलं आणि एक त्याच्या हातात दिलं.

"मला भूक नाही."

"माहितीये. नुसतं धरून बस. हात तरी शेकतील."

तो बसला. उंचावर भात भिजायला फार वेळ लागतो. पाकिटाकडे बघतच तो म्हणाला, "शेवटी शेवटी बाबा माझ्या हातूनही जेवत नव्हते, ताई. मी एकटाच होतो गं."

केतकी त्याच्याजवळ सरकली. भात भिजला, निवला, तरी तो बोलतच होता.