दुसरं बारसं

आधी कोण बोलणार, यावरून दवाखान्याच्या जिन्यातच जुंपली.

"आई मी आहो ना तिची? मंग पयले मीच बोलन," वंदना म्हणाली.

"आई अशीन व. पण नाव त मी ठेवलं," नलूआत्या म्हणाली. "कुर्र करायचा मान आत्याचाच रायते. तू त जलमभर बोलनारच हायेस."

नणंद-भावजयीच्या मध्ये सुशील अडकला होता आणि त्याच्या कडेवर तीन वर्षांची उत्कर्षा. "मॅडम सांगन तसं करू," तो दोनदा म्हणाला. दिवसभर स्टील प्लांटमधल्या रेल मिलच्या दणदणाटात ओरडून काम करणारा माणूस, पण बहीण आणि बायको समोर असल्या की त्याचा आवाज कुठे जातो कोण जाणे.

उत्कर्षाला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती जन्मापासून बहिरी. महिन्यापूर्वी रायपूरला तिचं कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे कानात ऐकायचं यंत्र बसवण्याचं, ऑपरेशन झालं होतं. आज इथे भिलाईत ते यंत्र पहिल्यांदा चालू होणार होतं.

नलूआत्या गावातल्याच खुर्सीपार भागातून आली होती ती थेट बारशाला निघाल्यासारखी. जरीकाठाची साडी, पोरीसाठी नवा फ्रॉक आणि डबाभर घुगऱ्या. दवाखान्यात घुगऱ्या कशाला, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आतल्या खोलीत श्रवणतज्ज्ञ रश्मी मॅडमनी उत्कर्षाच्या कानामागे मशीन अडकवलं. त्याची गोल चकती केसांवर टेकवताच टपकन चिकटली. मग कॉम्प्युटरवर काहीबाही करत त्या म्हणाल्या, "एक-एक करके बोलिए, आराम से. बच्ची डर सकती है, रो सकती है. और आज कुछ न करे, तो निराश मत होना."

हे शेवटचं वाक्य, कान धडधाकट असून, तिघांपैकी एकानंही ऐकलं नाही.

वंदना पुढे झाली. नलूआत्यानं तिचा पदर धरला. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

"वंदना, मले एकडाव करू दे व. लोकं म्हणते, माह्याच कुर्रनं पोरीचे कान गेले."

"कोन म्हणते?"

"म्हणते."

एकदा रागाच्या भरात वंदनाही तसंच बोलून गेली होती. ती बाजूला सरली.

"चालू किया," मॅडम म्हणाल्या.

नलूआत्या कमरेत वाकली. तोंडाशी हात धरून तिनं हलकेच केलं, "कुर्रऽऽ… उत्कर्षा."

उत्कर्षा बाहुलीचे केस ओढत होती. ओढत राहिली.

"थोड़ा ज़ोर से," मॅडम म्हणाल्या.

"कुर्रऽऽ! उत्कर्षा!"

काही नाही. तिसऱ्या वेळी आत्याचा आवाज मध्येच फाटला. उत्कर्षाला खोलीचा कंटाळा आला. तिनं बापाच्या खांद्यावरून खिडकीकडे तोंड केलं आणि बाहेर झाडावरची खार बघू लागली.

नलूआत्या वाकलेलीच होती. सरळ होऊन कुणाला तोंड दाखवावं, असं तिला वाटतच नव्हतं. वंदनाला ते बघवेना. जवळ जाऊन तिनं हात उचलला, तो खरं म्हणजे आत्याच्या पाठीवरून फिरवायला. पण समोर वाकलेली आत्या, नुकतंच झालेलं कुर्र, आणि पाठीत अजून एकही धपाटा नाही! असं बारसं कुठल्या बाईनं पाहिलंय? हाताला जी सवय होती तेच त्यानं केलं.

धप्प!

"अरे! ये क्या कर रहे हैं आप लोग?" रश्मी मॅडम ताडकन उठल्या.

आणि तिथेच थांबल्या. खिडकीकडे तोंड करून बसलेली उत्कर्षा गर्रकन मागे वळली होती. डोळे मोठे झालेले, तोंड उघडं. तिच्या हातातली बाहुली खाली पडली.

"एक बार और," मॅडम कुजबुजल्या. "बच्ची को उधर घुमाइए."

सुशीलनं तिला पुन्हा खिडकीकडे वळवलं. खार दाखवली. घाईत त्याचं बोट खार सोडून भिंतीकडेच गेलं होतं.

"मार," नलूआत्या खालूनच म्हणाली. "चांगली मार, वंदना. बारशाले मारली होती तशी."

धप्प!

उत्कर्षा पुन्हा वळली.

"आयकू आलं!" वंदना किंचाळली. "अवो, तिले आयकू आलं!" मॅडमनी टाळी वाजवली, आणि आपणच सगळ्यांना हळू बोला, पोर घाबरेल म्हणून बजावलंय हे आठवून जीभ चावली. सुशीलला हुंदका फुटला, चांगला मोठ्यानं. त्याबरोबर उत्कर्षानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. तो आणखीच रडू लागला.

तिनं वळवळ करून स्वतःला खाली सोडवून घेतलं. सगळे बाजूला झाले. आईकडे नाही, बापाकडे नाही, ती सरळ आत्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं त्या पाठीकडे नीट पाहिलं आणि चिमुकल्या हातानं एक चापट मारली.

थांबली. आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग पुन्हा मारली, आधीपेक्षा जोरात, आणि खुदकन हसली.

"मेरा रखा हुआ नाम सुना नहीं, तरी चालन," नलूआत्या गुडघ्यांवर हात टेकून रडत-हसत म्हणाली.

"सीखेगी. नाम भी सीखेगी, सब सीखेगी," मॅडम म्हणाल्या. "अब आप बैठ जाइए माताजी, कमर दुखेगी."

"दुखने दो मॅडम." आणि मग मागे न बघताच, पोरीला म्हणाली, "मार व माय. अजून मार."

पोरीचा हात नीट पोहोचावा म्हणून तिनं पाठ आणखी खाली केली.