शुभ सकाळ

२००९ चा उन्हाळा. बेळगावच्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकही मेल आली नाही. ती रुसली असं समजून एकट्या राहणाऱ्या शरयूताईंनीही फोन केला नाही.

पावसाळ्यात शेजारच्या गद्र्यांनी कॉम्प्युटर तपासला. "अहो, 'शुभ सकाळ' असलेली मेल परस्पर कचऱ्यात टाकायचा नियम तुम्हीच लावलाय की!"

"त्या फुलांच्या चित्रांना वैतागून हो..." ताईंचा आवाज खाली गेला. अक्का भांडतानासुद्धा आधी शुभ सकाळ लिहायची.

फोनवर अक्का कडाडली, "मोतीबिंदू काढायचाय, सोबतीला ये म्हणून किती विनवलं, गधडे! शेवटी शेजारणीला घेऊन गेले."

त्याच संध्याकाळी शरयूताई बेळगावला निघाल्या. अक्का पुढं दोनच वर्षं जगली. गद्रे मुलाकडे नागपूरला गेले. शरयूताई अजून आहेत. राँग नंबर आला तरी दोन वाक्यं जास्त बोलतात.