नाव बांधायची जागा

मासेमारीच्या हंगामात वैनगंगेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर नावेतच राहायचं, असं कमलेशनं ठरवलं होतं. नावेला ताडपत्रीचं शीड लावलं, मागच्या बाजूला बांबूचं छप्पर घातलं. अडलं ते फक्त नाव बांधायच्या जागेवर. त्यानं दाखवलेला एकही निवांत, सावलीचा काठ त्याच्या बायकोला, रिताला पटेना. त्यांचा पोरगा गुड्डू नुकताच चालायला लागला होता, आणि नावेवर आल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पुढच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायांचा कलकलाट होता. कमलेश नाव वळवणार, तोच एक म्हातारी हातातलं लुगडं तसंच टाकून कडाडली, "वो बाई! तुहा पोट्टा नावेच्या काठाले आला, धर त्याले! माय हायेस का कोन हायेस वो?"

रितानं झडप घालून गुड्डूला कवेत घेतलं.

"चाल, पुढं जाऊ," कमलेश पुटपुटला. "ते बुढी रोज डोकं खाईन."

"नाही. इथंच बांधा."

"काहून? येवढं ऐकून घेतल्यावर?"

रितानं दोर त्याच्या हातात दिला.

दुपारी गुड्डू बापाच्या मांडीवर खेळत होता, तरी घाटावरून म्हातारीचं चालूच होतं, "ओ भाऊ, पोट्ट्यावर ध्यान ठेव! इकडं तिकडं काय पाहून राहिला?"

आणि छपराखाली रिता, कितीतरी दिवसांनी, गाढ झोपली होती.