गुडघ्यावरची खूण

पक्षी बघायला लपणात बसलं की आम्ही नवरा-बायको एक अक्षर बोलत नाही. ज्याला आधी काही दिसेल त्याने दुसऱ्याच्या गुडघ्यावर बोटांनी टकटक करायची, एवढंच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासूनचा हा आमचा रिवाज.

आजही डोंगर चढून तळ्याकाठच्या लपणात शिरलो. "दुर्बीण तूच घे, मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय," असं म्हणून तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. थोड्या वेळाने टकटक झाली. मी घाईघाईने दुर्बीण लावली. समोर पाणी, वाळकं गवत, एक ओंडका. बाकी चिटपाखरूही नाही. पुन्हा टकटक. मी अख्खं तळं पालथं घातलं, तरी काही नाही. माझे डोळे गेले, की हा माझी फिरकी घेतोय?

पुन्हा तेच झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "अरे, आहे तरी कुठे?"

"काय कुठे?"

"मग मघापासून खुणा कसल्या करतोयस?"

"मी? नाही गं."

मी दुर्बीण खाली घेतली. तो तळ्याकडेच बघत होता आणि माझ्या गुडघ्यावर त्याची बोटं आपली आपण थरथरत होती. माझी नजर पडताच त्याने तो हात दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला.

"थंडी किती आहे बघ ना," तो म्हणाला.

फटीतून येणाऱ्या उन्हाने उकडायला लागलं म्हणून मी माझा स्वेटर केव्हाच काढून ठेवला होता.